झाडपाल्याची शाई ठशावर फुटते, छाप ठिपकेदार येतो : दोष कुठे शोधायचा

तक्रार दर वर्षी तीच असते. झेंडूचा काढा सुरेख पिवळा उतरला, हिरड्याच्या काढ्यात हिराकस (लोखंडाचा हिरवट क्षार) पडल्याबरोबर भांडं काळंभोर झालं, काडी बुडवून कागदावर रेघ ओढली तर झकास. पण तीच शाई ठशाला लावून छाप घेतला की भरीव जागेत नुसते ठिपके, कडेला पाणी सुटून फिकी झालर, आणि बारीक रेषा बुजलेल्या. मग रंगच कमी पडला असं समजून माणूस आणखी फुलं आणतो, काढा आणखी आटवतो. पुढचा छाप तितकाच ठिपकेदार येतो, वर चिकटही होतो.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे लिनो (लिनोलियमची कोरायची पाटी) किंवा लाकडी ठशावर हात चालवणाऱ्यांकडून हे इतक्या वेळा ऐकलं आहे की आता समोरचा बोलायला लागला की मी आधी शाईची बाटली उन्हात धरून बघतो. आरपार दिसत असेल तर रोग कळलाच. रंग पुरेसा असतो, शाईला दळ नसतो. काढा म्हणजे कापड रंगवायचं पाणी. कापड ते पिऊन घेतं, म्हणून तिथं चालतं. ठशाच्या अंगावर मात्र पातळ थर बसावा लागतो आणि दाब आल्यावर तो कडेनं पळता कामा नये. त्यासाठी शाईत रंगाचे कण हवेत आणि ते धरून ठेवणारा चिकटा हवा. नुसत्या काढ्यात दोन्ही नसतं. काढ्यात थेट डिंक ढवळून छापायचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्यानं चिकटपणा येतो, कण येत नाहीत.

खात्री करायची तर टीपकागदावर किंवा चहाच्या गाळणकागदावर शाईचा एक थेंब सोडा आणि पाच मिनिटं थांबा. रंग पसरत पार कडेपर्यंत गेला आणि मध्ये फिकं राहिलं, तर रंग पाण्यात विरघळलेला आहे. रंग मध्येच बसून राहिला आणि भोवती जवळजवळ स्वच्छ पाण्याचं वर्तुळ उमटलं, तर शाईत कण आहेत. पहिला प्रकार असेल तर पुढचं सगळं वाचा. दुसरा असेल तर रंग ठीक आहे, सरळ खळीच्या, म्हणजे चिकट्याच्या, भागाकडे जा.

साका पाडताना काय बिघडतं

विरघळलेला रंग कणांवर बसवायचा जुना उपाय म्हणजे तुरटी आणि सोडा. काढ्यात तुरटी विरघळवायची, मग सोड्याचं पाणी थोडं थोडं सोडायचं. फेस येतो, तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा जेलीसारखा पदार्थ तयार होतो आणि तो रंगाला घेऊन खाली बसतो. हा साका म्हणजेच तुमचा छापायचा रंग. सुरुवातीला १०० ग्रॅम सुक्या झेंडूच्या पाकळ्या, अडीच लिटर पाणी आणि २० ग्रॅम तुरटी एवढ्यावर हात बसवावा. दसरा झाला की बाजारात झेंडूचे ढीग पडून असतात, तेव्हाच पाकळ्या सावलीत वाळवून ठेवल्या तर वर्षभराची सोय होते.

घोटाळा सोड्यात होतो. दुकानदार ‘धुण्याचा सोडा’ म्हणून जे देतो ते दोन प्रकारचं असतं. एक कोरडी पांढरी पूड, आणि दुसरे काचेसारखे खडे, ज्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. १०० ग्रॅम तुरटीला कोरडा सोडा साधारण ३३ ग्रॅम लागतो, खड्यांचा सोडा ९० ग्रॅम. मोजमाप एकाचं आणि पुडी दुसऱ्याची असली की साका एक तर पडत नाही, नाही तर रंग पार बदलतो. त्यातून, खडे उघडे राहिले तर सुकून पांढरे पिठूळ होतात, म्हणजे तेच पाकीट दोन महिन्यांनी वेगळं वागतं. म्हणून मी नवख्यांना खायचा सोडा वापरायला सांगतो: १०० ग्रॅम तुरटीला ५३ ग्रॅमच्या आसपास. फेस जास्त येतो, पण तो सौम्य असल्यानं दोन चमचे इकडेतिकडे झाले तरी रंगाचा सत्यानाश होत नाही. भांडं मात्र काढ्याच्या तिप्पट मोठं घ्या, नाही तर सगळा झेंडू ओट्यावर. आणि ते स्टीलचं घ्या. लोखंडी कढई पिवळ्याचं हिरवट करते, ॲल्युमिनियमच्या पातेल्याला सोडा खातो. स्वयंपाकाची भांडी यासाठी वापरायची नाहीत, हे सांगायला लागू नये.

सोडा घातला, रात्रभर ठेवलं, सकाळी साका खाली बसला, पण वरचं पाणी अजून गडद पिवळं आहे. आता काय कमी पडलं? वरचं पाणी काचेच्या पेल्यात वाटीभर घ्या आणि चिमूटभर सोडा टाका. परत गढूळ होऊन कण दिसायला लागले तर सोडा कमी पडला होता, मोठ्या भांड्यात थोडा घाला. काहीच झालं नाही, तर त्याच पेल्यात चिमूटभर तुरटी विरघळवून पुन्हा सोडा टाका. आता कण पडले तर तुरटी कमी होती. तरीही पाणी पिवळंच राहिलं तर सोडा मुळातच जास्त झालेला असतो. जास्त सोड्यात रंग पुन्हा पाण्यात जातो, शिवाय झेंडूचा पिवळा तांबूस-तपकिरी दिसायला लागतो. ते ओळखायला हळदीचा कागद पुरतो: पांढऱ्या गाळणकागदावर हळदीचं पाणी पसरून वाळवा, पट्ट्या कापून ठेवा. वरच्या पाण्याचा थेंब पडल्यावर पट्टी लाल झाली तर सोडा जास्त. चुना लावलेल्या हळदीचं कुंकू होतं, त्यातलाच हा प्रकार. थोडं तुरटीचं पाणी घालून सावरता येतं.

इथपर्यंत आलेले निम्मे लोक पुढची पायरी टाळतात, आणि नेमकी तीच महिनाभरानं छापावर उगवते. वाळलेल्या छापावर पांढरी पूड येते, बोटानं पुसली तरी दोन दिवसांनी परत. जुन्या भिंतींना लोणा लागतो तसा हा लोणाच आहे. तुरटी आणि सोड्यातून तयार झालेला क्षार साक्यात राहून गेलेला असतो. उपाय एकच, धुणं. वरचं पाणी निथळून टाका, नवं पाणी भरा, ढवळा, बसू द्या, पुन्हा निथळा. असं तीन-चार वेळा करा. मग मांजरपाटाच्या फडक्यात बांधून टांगा. फडक्यात श्रीखंडाच्या चक्क्याएवढा दाट गोळा राहिला की झालं. छापलेल्या कागदावर मात्र लोणा आला की त्याला काही करता येत नाही.

आता खळ

पाण्याच्या शाईसाठी हा साका वाळवू नका. ओलाच वापरला तर कण बारीक राहतात आणि घोटायचे कष्ट वाचतात. त्यात मिसळायला चिंचोक्याची खळ उत्तम. घोंगड्याला हीच खळ लावतात, कापडावरच्या ठशांनाही देशात ठिकठिकाणी हीच चालते. चिंचोके भाजून टरफल पूर्ण काढा. टरफलात कस (टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य) असतो, तो राहिला तर पिवळा रंग मळकट होतो, आणि पाण्यात जरासं लोखंड असलं तर काळपटच. आतला पांढरा गर दळून त्याचं पीठ थंड पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर सतत ढवळत शिजवा आणि फडक्यातून गाळा. वडगावातले एक विणकर मामा ताण्याला लावायच्या खळीबद्दल म्हणायचे, ‘‘पातळ झाली तर चालतंय, खरं गुठळी राहिली की धागा तुटतोय.’’ आपल्याकडे धागा नाही, पण गुठळी असली की छापात पांढरा डाग ठरलेला. दोन चमचे ओल्या साक्याला एक चमचा खळ घ्या आणि तिथून कमी-जास्त करा. पॅलेट नाइफनं उचलल्यावर शाई सावकाश घसरली पाहिजे. टपकली तर पातळ, अडकून बसली तर घट्ट.

बासमती पिकवणाऱ्या या भागात तांदळाची खळ कुणी का वापरत नाही, असं मला नेहमी वाटतं. जपानी मोकुहांगा पद्धतीत पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाची खळ ब्रशनं लाकडी ठशावर लावतात, ओलसर कागद ठेवून पाठीमागून घासतात. यातलं ‘ओलसर कागद’ फार महत्त्वाचं. खळ बरोबर आणि साका बरोबर असूनही ठिपके पडत असतील तर दहात आठ वेळा कागद कोरडा असतो. एकाआड एक कागदावर पाणी शिंपडून थप्पी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, वर पाट ठेवा, रात्रभर राहू द्या. सकाळी कागद गालाला लावला तर गार लागावा, बोटाला पाणी लागू नये. घासायला स्टीलच्या डावाची पाठ पुरते.

लिनोचं काय? लिनोचं अंग तेलकट असतं, त्यावर पाण्याची शाई गोळा होते, अळूच्या पानावर पाणी राहतं तशी. बारीक पॉलिशपेपर मारून रिठ्याच्या पाण्यानं पुसलं तर थोडं सुधारतं. पण स्पष्ट सांगायचं तर लिनोवर पाण्याच्या शाईशी झटापट करण्यात वेळ घालवू नये. लाकडाला पाण्याची शाई, लिनोला तेलाची.

तेलाच्या शाईसाठी साका खडखडीत वाळलेला लागतो, थोडीही ओल राहिली तर तेल फाटतं. हे पावसाळ्यात जमत नाही, अशी पुढची तक्रार. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत तिथं साका कुठला वाळायला! तर नवं, धुऊन कोरडं केलेलं मंगलोरी कौल किंवा खानापूरच्या कुंभारांकडचं बिनझिलईचं पसरट भांडं घ्या, त्यावर पातळ फडकं अंथरा आणि त्यावर ओला साका बोटभर न ठेवता अगदी पातळ पसरा. भाजलेली माती खालून पाणी ओढून घेते. तासा-दोन तासांत वर भेगा पडायला लागतात, कडा उचलतात आणि खपल्या फडक्यावरून आपोआप सुटतात. कौल ओलं झालं की दुसरं घ्या. मग खपल्या खलात कुटून, काचेवर सपाट बुडाच्या जड पेल्यानं तेलाबरोबर घोटा, कर्र असा आवाज थांबेपर्यंत.

तेल कुठलं, यात घरची सवय आड येते. शेंगतेल आणि खोबरेल वाळतच नाही. त्यात केलेला छाप सहा महिन्यांनी बोटाला लागतो आणि कागदावर तेलाची कडी पसरते. जवसाचं तेल वाळतं, कारण ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. करडईचंही वाळतं, पण फार सावकाश. घाण्यावरचं जवसाचं तेल पसरट ताटलीत काच तिरकी झाकून उन्हाळ्यात काही आठवडे उन्हात ठेवलं की मधासारखं दाट होतं आणि शाईला तेच हवं असतं. चुलीवर उकळून दाट करायच्या फंदात घरी पडू नका, ते पेट घेतं. तेलात तुरटीचा साका पारदर्शक दिसतो, म्हणून फिका वाटला तरी पांढऱ्या कागदावर छापून मगच मत बनवा.

पाणी

एकच कृती, एकाच पुडीतला झेंडू, आणि बेळगावात पिवळा तर मावशीच्या गावी शेवाळी हिरवा. अशा वेळी मी पाणी विचारतो. झाडातल्या कसाला लोखंड भेटलं की रंग काळवंडतो, आणि खानापूरकडच्या जांभ्या जमिनीतल्या काही बोअरच्या पाण्यात लोखंड असू शकतं. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. हिरड्याचा गाळलेला काढा चमचाभर घ्या आणि पेलाभर पाण्यात सोडा. पाणी पिवळसरच राहिलं तर ठीक, जांभळट-राखाडी झालं तर लोखंड आहे. मग पावसाचं पाणी धरून ठेवा. पत्र्यावरचं नको, कौलांवरचं, तेही पहिले दोन-तीन पाऊस जाऊ दिल्यावर. पूर्वेकडे, सौंदत्ती-अथणीच्या काळ्या मातीत पाणी जड असतं. त्यानं झेंडूचं विशेष बिघडत नाही, आणि मंजिष्ठेच्या मुळांचा लाल तर जड पाण्यात उलट खुलतो.

हिरड्याचा काळा तपकिरी का होतो

हिरडा रविवार पेठेत किंवा कुठल्याही काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. कन्नड दुकानदाराकडे अळलेकाई म्हणून मागा, आणि हिराकसला अन्नभेदी. हिराकस घेताना रंग बघा. चांगली फिकट हिरवी असते. पिवळट-तपकिरी पूड धरलेली असेल तर ती हवा लागून उतरलेली आहे, परत करा. पावसाळ्यात घरातलीही अशीच उतरते, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

काळा पुरेसा काळा नाही म्हणून लोक हिराकस वाढवत जातात. भांड्यात काळी दिसली तरी पहिल्या दिवशी ही शाई कागदावर फिकी येणारच, हवा लागेल तशी ती काळी होते. एक दिवस उघडी ठेवून अधूनमधून ढवळायची. १०० ग्रॅम बिया काढलेल्या हिरड्याला १५ ग्रॅम हिराकस पुरते. जास्त झालेलं लोखंड कागदात राहून गंजतं, अक्षराभोवती तपकिरी छाया येते आणि पुढे कागद त्याच रेषेवर तुटतो. जुन्या दप्तरखान्यांत अशी कागदं सापडतात, शाईच्या जागी नुसत्या चिरा राहिलेली. लोखंड आणि कस यांच्या संयोगात थोडं आम्लही सुटतं, तेही कागद खातं. छपाईसाठी याचा एक फायदा आहे: काळ्यातही थोडी तुरटी आणि सोडा घालून साका पाडला आणि झेंडूसारखाच धुतला, तर ते आम्ल आणि मोकळं लोखंड बरंचसं पाण्याबरोबर निघून जातं.

एवढ्या खटाटोपाची तयारी नसेल तर काजळी धरा. दिव्यावर वाटी पालथी घालून जमवलेली काजळी, धावड्याचा नाही तर बाभळीचा डिंक आणि भरपूर घोटाई. उन्हानं ती उडत नाही, कागद खात नाही. तेलात मात्र काजळीची शाई सगळ्यात उशिरा वाळते.

बुरशी

खळ घातलेली शाई पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी वास मारते, तिसऱ्या दिवशी वर पांढरी लव येते. लवंगतेलाचे दोन-तीन थेंब घातले तर थोडे दिवस निघतात. बुरशी वरून काढून शाई वापरू नका. छाप कपाटात गेल्यावर ती परत येते. खरं तर खळ घातलेली शाई साठवायचीच नसते. साठवायचाच तर साका वाळवून बाटलीत ठेवा, मग घोटायचे कष्ट आले, आणि त्या दिवशी लागेल तेवढाच खळीत कालवा.

उडणारे रंग

हळद, पळस, बीट, जास्वंद, कोकम यांची शाई करू नका असं मी म्हणणार नाही, पण ती विकू नका. हळदीचा पिवळा खिडकीतल्या उन्हात बघता बघता उडतो. कोकम आणि जास्वंद कागदावरच रंग बदलतात, कारण झेरॉक्सच्या कागदात खडूसारखी भुकटी असते आणि तिच्या संगतीत लालाचा निळसर राखाडी होतो. नीळ, मंजिष्ठा, काथ आणि हिरड्याचा काळा टिकतात. झेंडू मधला. पट्टी अर्धी पुठ्ठ्यानं झाकून दक्षिणेच्या खिडकीत महिनाभर लावा, म्हणजे दुसऱ्याचं ऐकावं लागणार नाही.

मंजिष्ठेवरून एक. तिचा रंग मुळात असतो, म्हणजे वेल उपटावा लागतो. खानापूरच्या रानात ती दिसते म्हणून खणत सुटायचं आणि वर छापाखाली ‘शाश्वत’ असं लिहायचं, हे मला पटत नाही. भीमगड अभयारण्यातून तर पानसुद्धा आणता येत नाही. लाल हवाच असेल तर कुंडीत लावा किंवा दुकानातून थोडी घ्या. झेंडूचं निर्माल्य, डाळिंबाच्या साली, कांद्याची टरफलं, गळून पडलेल्या बाभळीच्या शेंगा एवढ्यात पिवळ्यापासून काळ्यापर्यंतचं काम निघतं. उकळलेला चोथा खतात जाऊ दे. हिराकस पडलेलं पाणी विहिरीच्या आसपास ओतू नका.

राहिलं जवसाच्या तेलाचं. ज्या फडक्यांनी काच आणि रोलर पुसला ती चुरगळून डब्यात टाकली तर वाळताना आतल्या आत तापतात आणि काडी न लावता पेटू शकतात. पसरून दोरीवर टाका, बाहेर, एकेक करून. पावसाची झड असेल तर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा आणि उघडीप मिळाल्यावर वाळवा.